एमसीजीला चाललात? डबा घ्या, पण लोणच्याची बरणी नको

“ताई, डिसेंबरात आम्ही चौघं मेलबर्नला चाललोय. २६ डिसेंबरला सुरू होणाऱ्या बॉक्सिंग डे टेस्टच्या पहिल्या दोन दिवसांची तिकिटं काढलीत. सासरे ७२ वर्षांचे, मधुमेही. जेवण अर्धा तास लांबलं तरी हात थरथरायला लागतात. पण १९८१ च्या मेलबर्न टेस्टची कॉमेंट्री त्यांनी रेडिओला कान लावून ऐकली होती, तेव्हापासून हे मैदान बघायची हौस. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही, आणि ‘त्याच तेलात तळलंय का’ हे विचारल्याशिवाय घास तोंडात घालत नाहीत. नवरा सगळं खातो, मी वेळ पडली तर खाते. स्टेडियमच्या आसपास खायचं काय आणि कुठं? व्हिडिओ बघून तीस नावं लिहून काढलीत, आता त्या यादीचीच धास्ती वाटते. — एक सून, सांगली”

ती तीस नावांची यादी आधी बाजूला ठेवा. मी रिचमंडमध्ये, म्हणजे स्टेडियमच्या अगदी शेजारच्या वस्तीत, सहा वर्षं राहिले. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असली की मैदानावरचा गलका आधी ऐकू यायचा आणि विकेट टीव्हीवर नंतर पडायची. त्या सहा वर्षांत कोपऱ्यावरचं एक दुकान तीनदा बदललं. त्यामुळे मी तुम्हाला हॉटेलांची नावं सांगणार नाही, रस्ते सांगते. आणि रस्त्यांहून महत्त्वाच्या दोन गोष्टी: किती वाजता खायचं आणि खेळ संपल्यावर कुठल्या बाजूला वळायचं. सासऱ्यांची साखर आणि सासूबाईंचं तेल, दोन्हीची उत्तरं यातच आहेत.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, यारा पार्कमध्ये आहे. रुळांच्या पलीकडे टेनिसची स्टेडियमं, म्हणजे रॉड लेव्हर अरीना आणि त्याची भावंडं, आणि त्यांना लागून फुटबॉल-रग्बीचं आयताकृती मैदान. इतकी मैदानं एकाला एक चिकटून असल्यामुळे या पट्ट्यात बागा आहेत, पूल आहेत, पुतळे आहेत, पण खाण्याची दुकानं जवळपास नाहीत. आपल्याकडे मैदानाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की भेळ, वडापाव, उसाचा रस. तसं इथं काही नाही. खायचं तर मैदानाच्या आत, नाहीतर पार्क ओलांडून बाहेर.

पार्कच्या बाहेर तीन दिशा. आग्नेयेला रिचमंड स्टेशन आणि त्याला लागून स्वान स्ट्रीट. ईशान्येला पंट रोड ओलांडला की ब्रिज रोड. वायव्येला जॉलिमॉन्ट स्टेशन. पश्चिमेला मुख्य शहर आहेच, विल्यम बराक पुलावरून चालत वीस-पंचवीस मिनिटं. एक गंमत सांगते म्हणजे गुगल मॅप बघून गोंधळणार नाही: शहरातली फ्लिंडर्स स्ट्रीट पुढे वेलिंग्टन परेड होते आणि तीच आणखी पुढे ब्रिज रोड. रस्ता तोच, पाट्या वेगळ्या. ४८ आणि ७५ नंबरच्या ट्राम वेलिंग्टन परेड आणि ब्रिज रोडवरून धावतात. शहराच्या मधल्या भागात ट्राम फुकट आहे, पण स्टेडियम त्या हद्दीबाहेर येतं, तेव्हा चौघांची मायकी कार्डं, म्हणजे तिथली तिकिटाची कार्डं, पैसे भरून ठेवा.

आता दिवसाचं वेळापत्रक. खेळ साधारण साडेदहाला सुरू होतो, साडेबाराला लंच, तोही चाळीस मिनिटांचा. पहिल्या दिवशी आत ऐंशी-नव्वद हजार माणसं असतात आणि बाराएकतीसला ती सगळी एकदम उठतात. मी एकदा लंचला चिप्स आणायला गेले ते परतले तेव्हा पहिलं षटक संपलं होतं आणि चिप्स गार झाले होते. सासऱ्यांना त्या रांगेत उभं करायचं नाही. त्यांचं खाणं बारा वाजता, खुर्चीवर बसूनच, चालू खेळात. साडेबाराला बाकीचे रांगेत गेले की तुम्ही निवांत पाय मोकळे करायचे. चहाची विश्रांती तीन-दहाच्या आसपास, वीस मिनिटांची. तेव्हाही तसंच, अडीचला काहीतरी तोंडात.

आणि हे खाणं म्हणजे घरचा डबा. सांगलीकरांना डब्याची महती मी काय सांगावी! एमसीजीत स्वतःचं खाणं आणि पाणी नेता येतं. चालत नाही ते काच, पत्र्याचे कॅन आणि दारू. म्हणून लोणच्याची काचेची बरणी फाटकावर अडेल हे धरूनच चला. माझ्या ओळखीच्या एका काकूंची मिरचीच्या लोणच्याची बरणी अशीच अडवली, तर त्यांनी तिथंच उभ्या उभ्या चार दशम्यांवर सगळं लोणचं थापलं आणि रिकामी बरणी कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्यांच्या यजमानांना दिवसभर खोकला. तुम्ही लोणचं प्लास्टिकच्या डबीत न्या. पाण्याची बाटलीही प्लास्टिकची, आत भरून घेता येते. पिशवी मोठी नको, खुर्चीखाली मावेल एवढीच.

यासाठी राहायची जागा स्वयंपाकघर असलेली घ्या. २५ तारखेला नाताळ, त्या दिवशी शहर चिडीचूप असतं, मोठी दुकानं बंद. म्हणजे कणीक, दूध, दही, भाजी हे सगळं २४ लाच आणून ठेवायचं. २५ ला संध्याकाळी बसून दशम्या करा, तिखटमिठाच्या पुऱ्या करा. दुधात भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते आणि दोन बोटांत धरून खाता येते, मांडीवर ताट लागत नाही. सासऱ्यांच्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या वेगळ्या हव्यात, तुमच्या पर्समध्ये नाही, त्यांच्याच खिशात. डिसेंबरात मेलबर्नचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढं असतं. आपली दुपारची एक म्हणजे तिथले संध्याकाळचे साडेसहा. पहिले दोन-तीन दिवस भूक भलत्याच वेळी लागेल, तेव्हा गोळ्या किंवा इन्सुलिनच्या वेळा निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. हे मी अंदाजानं सांगणार नाही आणि तुम्हीही अंदाजानं ठरवू नका.

सांगलीहून डबा भरून नेण्याचा विचार मात्र आवरा. ऑस्ट्रेलियाचे कायदे याबाबतीत फार कडक आहेत. पेढे, बर्फी, गुलाबजाम, रसमलाई, दुधाची कुठलीही मिठाई विमानतळावर नेता येत नाही, कारण आपल्याकडच्या गुरांमधला लाळ्या-खुरकुताचा रोग त्यांच्याकडे नाही आणि त्यांना तो दुधाच्या पदार्थांतूनही नको आहे. बाकी चिवडा, चकली, मसाले जे काही असेल ते उतरताना भरायच्या कार्डावर नोंदवा. नोंदवलेलं चालत नसेल तर ते काढून घेतात, दंड करत नाहीत. लपवलेलं सापडलं तर जागेवर मोठा दंड होतो. सासूबाई पर्समध्ये गुपचूप वडीचा पुडा टाकतील. आधीच विचारा.

स्टेडियमच्या आत काय मिळतं हे जाणून घेतलेलं बरं, कारण नवऱ्याचा जीव डब्यावर भागायचा नाही. मीट पाय म्हणजे खिम्याचा बंद पाव, वर टोमॅटो सॉस, तो तिथला राष्ट्रीय पदार्थच. आतला खिमा भयंकर गरम असतो, पहिला घास लहान घ्यायला सांगा. चिप्स सगळीकडे. पण सासूबाईंचा प्रश्न इथं अगदी रास्त आहे: गर्दीच्या स्टॉलवर तेल वेगळं ठेवलेलं असेल ही आशा धरू नका. पोटॅटो केक नावाचा प्रकार बाहेर फिश-अँड-चिप्सच्या दुकानांत दिसेल. नाव केक, पण ती चक्क बटाट्याची जाड भजी आहे, मैद्याच्या पिठात बुडवून तळलेली. बघून सासूबाईंना गहिवरून येईल, पण ती माशाच्याच कढईत तळतात. शेजारी डिम सिम असेल, त्यात मांस असतं.

चारचा चहा ही एक अडचण आहे, तिच्याबद्दल आधीच सांगून ठेवते. मेलबर्नला कॉफीचं वेड आहे, पण बहुतेक कॅफे सकाळी सातला उघडतात आणि दुपारी तीन-चारला खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवतात. आपल्याला तलफ येते तेव्हा त्यांची फरशी पुसून होते. शिवाय ‘चाय लाटे’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक ठिकाणी मसाल्याचं गोड सिरप आणि फेसाळलेलं दूध. सासऱ्यांच्या साखरेला ते अजिबात नको. थर्मास न्यायचा तर आत काच असलेला नको, स्टीलचा बघा, आणि तो चालतो का हे मैदानाच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी पाहून घ्या, कारण नियम सामन्यागणिक बदलू शकतात.

संध्याकाळ. इथं खरी मजा आहे. खेळ साडेपाच-सहाला संपतो आणि डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या आसपास मावळतो. म्हणजे हाताशी जवळजवळ तीन तास उजेड. पण साठ-सत्तर हजार माणसं एका वेळी बाहेर पडतात आणि ती बहुतेक दोनच ठिकाणी जातात: रिचमंड स्टेशनला, नाहीतर जॉलिमॉन्टवरून शहराकडे. रिचमंड स्टेशनला लागलेल्या स्वान स्ट्रीटवरचे पब त्या वेळी फुटपाथपर्यंत भरलेले असतात. यजमानांना तिथली मजा अनुभवायची असेल तर त्यांनी एकट्यानं दुसऱ्या दिवशी जावं. चौघांनी जाऊ नका. एरवी, मधल्या वारी, स्वान स्ट्रीट छान आहे.

पहिल्या संध्याकाळी तुम्ही असं करा. अर्धा तास खुर्चीवरच बसून राहा, सासऱ्यांना मैदान डोळे भरून बघू द्या. १९८१ च्या फेब्रुवारीत याच मैदानावर ऑस्ट्रेलियाला १४३ हवे होते आणि जखमी कपिलनं २८ धावांत पाच बळी घेऊन त्यांना ८३ वर गुंडाळलं होतं. तो कुठल्या टोकाकडून धावत आला हे सासरे तुम्हाला सांगतील, सांगू द्या. मग तुम्ही त्यांना सांगा की २०२० मध्ये आपल्या अजिंक्य रहाणेनं इथंच ११२ काढले होते. तोवर एक-दोन खजूर त्यांच्या हातात द्या. मग चालत जॉलिमॉन्टला या. सगळी गर्दी शहराकडे जाणाऱ्या फलाटावर असेल, तुम्ही उलट बाजूच्या फलाटावर जा. मर्न्डा किंवा हर्स्टब्रिजची कुठलीही गाडी चालेल. घरी जाणारी माणसं त्या गाडीतही असतात, पण निदान श्वास घेता येतो. वेस्ट रिचमंड सोडायचं, दुसऱ्या स्टेशनला उतरायचं: नॉर्थ रिचमंड. खाली उतरलात की व्हिक्टोरिया स्ट्रीट.

हा व्हिएतनामी लोकांचा रस्ता. १९७५ नंतर युद्धातून जीव वाचवून आलेली कुटुंबं इथं वसली आणि त्यांनी किराणा, भाजी, बेकरी, खानावळी असं सगळं उभं केलं. एक स्पष्ट सांगते: स्टेशनजवळचा भाग जरा कळकट आहे, नशेत झुलणारे काही जण दिसतील. त्यांच्या वाटेला न गेलं की ते आपल्या वाटेला येत नाहीत. उजेडात जायचं, उजेडात किंवा नुकतं अंधारताना परतायचं.

सासूबाईंसाठी एक व्हिएतनामी शब्द पाठ करा. त्या भाषेत शाकाहाराला ‘चाय’ म्हणतात! खरंच. पाटीवर रोमन अक्षरांत सी, एच, ए, वाय असं लिहिलेलं दिसेल. बौद्ध माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी असं जेवतात, म्हणजे आपल्या पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच. या ‘चाय’ जेवणात माशाचा सॉस नसतो आणि बहुधा कांदा-लसूणही नसतो. बाकी साध्या हॉटेलात ‘व्हेजिटेबल’ लिहिलेल्या पदार्थातही माशाचा सॉस सर्रास घालतात, तो त्यांच्या लेखी मीठच. आणि ‘व्हेजिटेरियन फो’, म्हणजे शेवयांचं सूप, मागवला तर वर भाज्या-टोफू आणि खाली गुरांच्या हाडांचा रस्सा असं होऊ शकतं. पदार्थ नाही, पाणी कशाचं आहे ते विचारा. मी पहिल्या वर्षी नाही विचारलं. अर्धा वाडगा संपल्यावर तळाशी जे सापडलं ते सांगत नाही.

‘चाय’ हॉटेलातही एक धक्का बसेल: सोया आणि गव्हाच्या चिकाचं खोटं मांस. खोटं बदक तर इतकं हुबेहूब, की कातडीवरचे बारीक खड्डेसुद्धा उठवलेले असतात. सासूबाई ताटाला हात लावणार नाहीत. ‘टोफू आणि भाज्या, मॉक मीट नको’ एवढं सांगा. तांदळाच्या पातळ पापुद्र्याचे ताजे रोल मागवा, टोफूचे. आत शेवया, काकडी, पुदिना असतो आणि रोल तळलेला नसतो. आतला टोफू मात्र तळलेला असू शकतो, तेवढं तेलाचं विचारून घ्या. बुडवायची वाटी मात्र बघून घ्या, तीही माशाच्या सॉसची असू शकते. सासऱ्यांना वाफवलेला किंवा भाजलेला मासा आणि थोडा भात. यजमानांना मोकळं सोडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याला सुट्टी द्यायची असेल तर याच रस्त्यावरची किंवा ब्रिज रोडवरची बान मी. फ्रेंचांकडून उचललेला लांबट कुरकुरीत पाव, आत भाज्या, कोथिंबीर, मिरची. पण लक्ष ठेवा: काउंटरमागची बाई विलक्षण चपळ असते. तुम्ही ‘टोफू’ म्हणेपर्यंत तिनं पाव चिरलेला असतो आणि सुरीनं आत तपकिरी थर फासलेला असतो. तो पॅते, म्हणजे कलेजीचा लगदा. त्यावर पिवळट मेयो, ते अंड्याचं. तेव्हा सुरी पावाला लागायच्या आत, रांगेत असतानाच, मोठ्यानं: नो पॅते, नो मेयो, नो फिश सॉस. माझ्या अनुभवात कुणी वाईट वाटून घेत नाही. एकीनं तर मला सुरी धुऊन दाखवली होती.

दुसऱ्या संध्याकाळी शहरात जा. सासऱ्यांचे पाय साथ देत असतील तर बराक पुलावरून, यारा नदीकाठच्या बिरारंग मार बागेतून. नाहीतर वेलिंग्टन परेडवरून ट्राम. लिटिल बर्क स्ट्रीटचं चायनाटाउन १८५० च्या दशकातल्या सोन्याच्या धावपळीपासूनचं आहे, ते एकदा बघाच. तोवर सासूबाईंना वरण-भाताची आठवण येऊन डोळे भरले असतील, तर शहराच्या मधल्या भागात डोसे देणारी, भारतीय जेवण देणारी हॉटेलं बरीच आहेत, त्यांत जा. परदेशात जाऊन डोसा काय खायचा, असं यजमान म्हणतील. दुर्लक्ष करा. नदीपलीकडच्या साउथबँकच्या हॉटेलांत मला कधी राम वाटला नाही, तिथं बरेच पैसे पाण्यावरच्या दिव्यांचे लागतात.

२६ तारीख तिथं सार्वजनिक सुट्टी. उघड्या हॉटेलांपैकी बरीचशी त्या दिवशी बिलावर दहा-पंधरा टक्के जादा लावतात. ते लिहिलेलं असतं, भांडायचं नाही. टीप देण्याची सक्ती नाही. स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, ‘हॉटेल दहापर्यंत’ म्हणजे जेवण साडेआठ-नऊपर्यंतच मिळेल असं समजा. नक्की केलेल्या ठिकाणी २३ तारखेला फोन करून विचारा, कारण नाताळाच्या आठवड्यात संकेतस्थळावरच्या वेळांना काही अर्थ नसतो.

आणि मेनूकार्ड वाचताना: तिथं ‘आंत्रे’ म्हणजे आधी खायचा पदार्थ, मुख्य जेवण नव्हे. ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं धरलेलंच असतं. नावापुढचं एकच इंग्रजी व्ही अक्षर कुठं शाकाहारी असतं, कुठं व्हीगन. सासूबाईंसाठी ‘व्हीगन’ हाच शब्द वापरा, मग दही-दूध हवं तर वेगळं मागा. पबमध्ये वांग्याची पार्मा (पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला काप, वर टोमॅटो सॉस आणि चीज) शाकाहारी म्हणून पुढं करतील, तिचं आवरण अंड्यात बुडवलेलं असतं. कोंबडीच्या पार्मात बऱ्याचदा चीजखाली हॅमची चकती दडलेली असते, सासऱ्यांना ती चालत नसेल तर तेही आधी विचारा.

दशम्या माणशी चार धरा आणि वर सहा जास्त करा. मागच्या रांगेतलं कुणीतरी वास ओळखून विचारणारच, तुम्ही कुठले म्हणून.